खिळ्याचे टोक: माधवनगर परिसरातील कुत्र्याच्या गळपट्ट्याचा इतिहास

सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बुधगावाला लागून वसलेले माधवनगर कापडगिरणी, व्यापारी पेठ आणि रेल्वे यांच्या आधाराने वाढले. त्याच्या भोवतीचा मुलूख मात्र मेंढपाळ, गाडीवान, पारधी आणि पटवर्धन संस्थानिक यांच्या जुन्या जगाचा राहिला. शेजारचे बुधगाव ही मिरजेच्या धाकट्या पातीच्या संस्थानाची राजधानी होती. 1948 साली दक्षिणेतील ही मराठी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, 1949 साली या भागाचा ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. राज्यकर्ते आणि जिल्ह्याचे नाव बदलत असताना माणसाबरोबर राहणारा कुत्राही येथे कधी धनगराचा, कधी शिकाऱ्याचा, कधी बंगल्याचा, तर कधी पोलिसांचा झाला, आणि प्रत्येक वेळी त्याच्या गळ्यातील वस्तू बदलली. आज ‘ट्रेनिंग कॉलर’ या नावाने विकला जाणारा, म्हणजे कुत्र्याने चूक करताच आवळणारा, टोचणारा किंवा विजेचा झटका देणारा पट्टा हा या मालिकेतील सर्वांत धाकटा. त्याच्या आधीच्या दोन हजार वर्षांत पट्ट्याला खिळे असत तेव्हा त्यांची टोके बाहेरच्या बाजूला असत. ती आत केव्हा आणि का वळली, हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

या भागातील शेतकऱ्याच्या बोलीत जनावराच्या गळ्यात घालावयाच्या वस्तूंसाठी बारकाईने वेगळे केलेले शब्द आहेत आणि त्या प्रत्येकात वापराचा हेतू दडलेला आहे. दावे म्हणजे जनावर खुंट्याला बांधण्याची दोरी; कासरा म्हणजे बैलाला हाकताना हातात धरावयाची लांब दोरी; वेसण नाकातून जाते, म्होरकी तोंडाभोवती बसते आणि मुसके तोंड बंद ठेवते. लोढणे ही याहून वेगळी गोष्ट. पळपुट्या किंवा दुसऱ्याच्या पिकात घुसणाऱ्या गुराच्या गळ्यात लाकडाचा जड ओंडका असा लटकावतात की चालताना अडथळा होत नाही, पण धावू लागताच तो पुढच्या पायांवर आपटतो. जनावराची सवय मोडण्यासाठी गळ्यात बांधलेले साधन म्हणून पाहिले तर लोढणे हा शिकवणीच्या पट्ट्याचा देशी पूर्वज ठरतो. ‘गळ्यात लोढणे पडणे’ या वाक्प्रचारात या साधनाविषयीची लोकांची भावनाही उमटली आहे, आणि ती फारशी चांगली नाही. तरीही लोढण्याचा एक गुण मान्य करावा लागतो: त्याने श्वास कोंडत नाही. जनावर थांबले की त्रासही थांबतो.

श्वास कोंडणाऱ्या साधनाला मराठीत फास म्हणतात, आणि हा शब्द पाळीव जनावराच्या सरंजामात न येता शिकारीच्या शब्दसंग्रहात येतो. फासेपारधी या जमातीचे नावच त्यावरून पडले. दोरी ओढली की आवळत जाणारी ही गाठ हरीण, ससा, तितर पकडण्यासाठी होती. गोठ्यात बांधलेल्या गुराच्या गळ्याभोवतीचा वेढा मात्र कायम एकाच मापाचा राहील अशा रीतीने दावे बांधण्याचा दंडक होता, कारण रात्री बुजलेल्या जनावराने हिसका दिला तर आवळणारी गाठ सकाळपर्यंत त्याचा जीव घेते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. पुढे विसाव्या शतकात ‘चोक चेन’ म्हणून जी साखळी आली ती यंत्ररचनेच्या दृष्टीने निव्वळ फास आहे. पारध्याच्या हातची वस्तू मालकाच्या हातात आली, एवढाच काय तो फरक.

मेंढपाळांच्या कुत्र्याचा विचार केला तर गळ्यात काहीच नसणे हीच त्याची खूण म्हणावी लागेल. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांतील धनगर सुगीनंतर आपले कळप घेऊन कृष्णा-येरळेच्या काठच्या गावांकडे उतरतात आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवून त्याबद्दल धान्य किंवा पैसे घेतात. रात्री वाघरीच्या, म्हणजे जाळ्याच्या, कुंपणात मेंढरे असतात आणि कुत्री बाहेर मोकळी असतात. लांडगा येतो तो कोणत्या बाजूने येईल हे ठरलेले नसल्यामुळे बांधलेला कुत्रा येथे निरुपयोगी. या कुत्र्याला कुणी बसवून शिकवत नाही. पिल्लू असल्यापासून ते मेंढरांच्या उबेत वाढते, जुन्या कुत्र्यामागे फिरते आणि वाड्याची हद्द ओळखू लागते. भाकरी हाच त्याचा पगार आणि सहवास हीच त्याची शाळा. या पद्धतीचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण जे पिल्लू मेंढरावर दात टाकते ते कळपात राहत नाही. म्हणजे येथे शिक्षणाइतकाच निवडीचाही वाटा आहे.

जेथे शत्रू लांडग्याहून मोठा, तेथे मेंढपाळाने पट्टा वापरला. हिमालयातील गद्दी आणि भोटिया मेंढपाळ आपल्या थोराड कुत्र्यांच्या गळ्यात पत्र्याचा, बाहेरच्या बाजूने काटे असलेला रुंद पट्टा घालतात, कारण बिबट्या भक्ष्याचा गळा धरतो आणि काट्यांमुळे त्याची पकड बसत नाही. याच जातीचा पट्टा प्राचीन रोममध्ये होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या वॅरोने मेंढपाळी कुत्र्याच्या पट्ट्याचे जे वर्णन केले आहे ते लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे: जाड चामड्याचा पट्टा, त्यातून आरपार घातलेले खिळे, आणि खिळ्यांच्या माथ्यांखाली, म्हणजे मानेला लागणाऱ्या बाजूला, शिवलेले मऊ कातडे, हेतू हा की लोखंडाने कुत्र्याची मान सोलली जाऊ नये. त्याच्या तीन शतके आधी ग्रीक लेखक झेनोफनने शिकारी कुत्र्यांचे पट्टे मऊ आणि रुंद असावेत, म्हणजे मानेवरचे केस झिजत नाहीत, असे सांगून ठेवले होते. पट्ट्याच्या सुरक्षिततेविषयी आजचा पशुवैद्य जे सांगतो त्यातील निम्मे या दोन सूचनांत आले आहे.

पश्चिम महाराष्ट्रात बिबट्याचा प्रश्न हिमालयाइतका दूरचा राहिलेला नाही. उसाचे क्षेत्र वाढले तसा बिबट्या उसात राहू लागला. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात त्याच्या आहाराचा अभ्यास झाला आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भक्ष्याच्या एकूण वजनापैकी सुमारे 39 टक्के वाटा पाळीव व गावकुत्र्यांचा आढळला. सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या जंगलाला लागून असलेल्या शिराळा तालुक्यातही उसातील बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा अशा ठिकाणी राखणदार राहत नाही, त्याचे आमिष होते. त्याला रात्री घरात किंवा बंद जाळीत घेणे हाच खरा उपाय, आणि ते शक्य नसेल तर बाहेर टोके असलेल्या जुन्या पट्ट्याला आजही अर्थ उरतो.

या मुलखाच्या धर्मजीवनात कुत्रा आणि साखळी यांची गाठ आणखी एका मार्गाने पडते. खंडोबा हा शिकारी देव; घोडा आणि कुत्रा त्याच्या मूर्तीबरोबर येतात. जेजुरीइतकेच साताऱ्यातील पालीचे खंडोबाचे ठाणे या भागात मानाचे आहे. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, कोटंबा नावाच्या लाकडी पात्रातून भिक्षा घेतात आणि काही प्रसंगी भुंकून त्या पात्रात खातात. याच उपासनेत ‘लंगर तोडणे’ हा विधी आहे: लंगर म्हणजे लोखंडी साखळी, आणि ती देवापुढे हिसका देऊन तोडली की नवस पुरा झाला किंवा देवाचा कौल मिळाला असे मानतात. संशोधक गुंथर सोनथायमर यांनी खंडोबाच्या परंपरेचा दख्खनच्या मेंढपाळ जीवनाशी असलेला संबंध तपशीलवार मांडला आहे. तो लक्षात घेतला म्हणजे देवाच्या कुत्र्याने साखळी तोडावी यातला अर्थ उलगडतो. मेंढपाळाच्या जगात निष्ठा आणि साखळी या एकमेकींच्या जागी चालणाऱ्या वस्तू आहेत. एक असली की दुसरीची गरज उरत नाही.

दरबारी जगात पट्टा अलंकार झाला. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची हकीकत या संदर्भात सर्वांत प्रसिद्ध आहे. वाघाच्या शिकारीत ज्याने महाराजांचे प्राण वाचवले त्या कुत्र्याला त्यांनी जहागीर आणि पालखीचा मान दिला, आणि एकदा दरबारात त्याला जरीची वस्त्रे, दागिने व स्वतःचे पागोटे घातले, असे जेम्स ग्रँट डफने 1826 च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. सातारकर त्या कुत्र्याला खंड्या म्हणतात आणि त्याची समाधी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला दाखवतात. ग्रँट डफने हा प्रसंग राजाच्या मानसिक दुर्बलतेचा पुरावा म्हणून सांगितला. मराठी परंपरेने तोच कृतज्ञतेचा म्हणून जपला. दुसरे वाचन अधिक पटण्यासारखे आहे, कारण ज्या राज्यव्यवस्थेत कामगिरीची नोंद इनाम आणि पालखी या भाषेतच होत असे, तेथे कुत्र्याच्या कामगिरीसाठी राजाने वेगळी भाषा कोठून आणावी? खंड्याच्या गळ्यात जे काही होते ते त्याला आवरण्यासाठी नव्हते, एवढे निश्चित.

शिकारी जनावर शिकवण्याची कला दख्खनला अपरिचित नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, स्वतंत्रपणे आला आहे; कृष्णाकाठचा हा प्रदेश त्या काळी चालुक्यांच्या सत्ताकक्षेत होता. आठ शतकांनंतर शेजारच्या कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी हरणांची शिकार विसाव्या शतकापर्यंत चालू होती आणि तिच्यातील सरंजाम पट्ट्याच्या इतिहासाला फार उपयोगी आहे. चित्ता बैलगाडीवर बसवून नेत. त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी आणि अंगाला पट्टे असत. हरीण दिसले की टोपी काढून त्याला सोडत, आणि शिकार पकडल्यावर ती सोडवून घेण्यासाठी त्याला ओढत नसत, तर हरणाचे रक्त पात्रात धरून त्याच्या तोंडाशी नेत, की तो आपण होऊन पकड सैल करी. हिंसक पशूच्या जबड्यातून वस्तू सोडवण्याचा हा मार्ग म्हणजे आजच्या भाषेत बक्षीस देऊन शिकवणे. त्याला अहिंसा म्हणता येणार नाही, कारण भुकेचा वापर त्यात उघड आहे. पण गळ्यावर जोर करून चित्त्याशी जमणार नाही, एवढी समज चित्तेवानाला होती.

याच शिकारी परंपरेतून या भागाचा खास कुत्रा पुढे आला. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात आणि सीमेपलीकडे मुधोळ. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याच्या पैदाशीला आश्रय दिला आणि त्याची जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली. दोन नावांचा घोळ नोंदणी संस्थांतही उतरला आहे: केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. 2005 साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांपैकी एक त्याचे होते, आणि पुढे भारतीय सैन्यानेही त्याची चाचणी घेतली. लांब पाय, खोल छाती, चिंचोळे डोके आणि लांब मान अशी ही नजरेने शिकार करणारी जात आहे.

पट्टा निवडणाऱ्याला या कुत्र्याच्या बांध्याचा एक तपशील टाळता येत नाही. इतर बहुतेक कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा रुंद असल्यामुळे साधा पट्टा मानेवर टिकतो; कारवानीचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसल्याने मागे पाऊल टाकून मान झटकली की पट्टा कानांवरून निघून येतो. तो निघू नये म्हणून मालक एकेक भोक आवळत जातो, आणि पातळ कातडीच्या, चरबी नसलेल्या मानेवर पट्टा रुततो. अशा कुत्र्यासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा तयार झाला. त्यात मोठ्या वेढ्याला एक छोटा वेढा जोडलेला असतो. ताण आला की छोटा वेढा मोठ्याला ठरावीक मापापर्यंतच लहान करतो आणि तेथे थांबतो. फास अमर्याद आवळतो, मार्टिंगेलला मर्यादा शिवलेली असते. ती मर्यादा मानेच्या मापाइतकी ठेवली, म्हणजे पूर्ण ताणावरही श्वास मोकळा राहील अशी, तरच त्याचा उपयोग आहे. सैल सोडलेल्या वेढ्यात कुत्र्याचा पाय किंवा खालचा जबडा अडकू शकतो, म्हणून घरी परतल्यावर तो काढून ठेवावा लागतो.

इंग्रजी अमलात पट्ट्याला चौथा अर्थ आला, तो म्हणजे मालकीचा दाखला. बेवारस कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून 1832 च्या जूनमध्ये मुंबईत दंगल उसळली, आणि तिच्यात पारशी समाज पुढे होता. रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा कुणाचा तरी आहे असे मानणारे गाव आणि पट्टा नसलेला कुत्रा कुणाचाच नाही असे मानणारे सरकार यांच्यातला हा झगडा पुढे नियमांत स्थिरावला. नगरपालिका कायद्यांत कुत्र्यांवरील कराची तरतूद आली, कराबरोबर बिल्ला आला आणि बिल्ला अडकवण्यासाठी पट्टा सक्तीचा झाला. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून 1998 साली जी महानगरपालिका झाली ती ज्या 1949 च्या कायद्यावर चालते त्यातही कुत्र्यांवरील कर आहे. बिल्ल्याने कुत्र्याला संरक्षण मिळाले, पण ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याचे संरक्षण त्याच क्षणी गेले, हे येथे नोंदवले पाहिजे.

खिळे आत वळण्याचा प्रसंग घडला तो या प्रदेशाबाहेर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय शिकाऱ्यांनी पक्षी दाखवणाऱ्या व उचलून आणणाऱ्या कुत्र्यांना शिकवण्यासाठी आतल्या बाजूला टोके असलेले पट्टे वापरात आणले. फ्रेंचांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थच ‘जोराचा पट्टा’ असा होतो. जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने 1910 साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहून या अनुभवांना शास्त्राची शिस्त दिली, आणि दोन महायुद्धांतील लष्करी कुत्र्यांमुळे ती शिस्त जगभर पसरली. अमेरिकेत विल्यम कोहलरच्या 1962 च्या पुस्तकाने साखळीच्या फासाला घराघरांत पोहोचवले. याच दशकाच्या अखेरीस तेथे शिकारी कुत्र्यांसाठी विजेचा झटका देणारे पट्टे विक्रीला आले. कामाची गरज बदलल्याने टोके वळली, हे कारण ध्यानात घेतले पाहिजे: मेंढपाळाला कुत्र्याने स्वतः निर्णय घ्यावा असे वाटे, शिपायाला त्याने आज्ञेची वाट पाहावी असे वाटे.

महाराष्ट्रात ही परंपरा पोलिसांमार्फत आली. मुंबई पोलिसांचे श्वानपथक 1959 साली तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले, आणि राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे पुण्यातील श्वान प्रशिक्षण केंद्र पुढे राज्यभरच्या पथकांचे शिक्षणस्थान झाले. त्याच केंद्रात शिकलेल्या लॅब्रॅडॉर जातीच्या एका कुत्र्याने 1993 च्या मुंबईतील बाँबस्फोटांनंतर तीन टनांहून अधिक आरडीएक्स हुडकले आणि असंख्य जीव वाचवले. त्याचे नाव जंजीर, म्हणजे साखळी. योगायोग असा की वासावर काम करणाऱ्या ज्या कुत्र्यांचा जंजीर हा महाराष्ट्रातील सर्वांत नामांकित प्रतिनिधी, त्यांच्या शिक्षणात साखळीचा वाटा सर्वांत कमी असतो. वास सापडला की खेळणे किंवा खाऊ मिळतो, एवढ्यावरच ते सारे शिक्षण उभे असते, कारण गळा आवळून कुणाच्याही नाकाला काम करायला लावता येत नाही.

पोलिसांच्या कवायतीत दिसलेली चोक चेन सांगली-मिरजेच्या बाजारात आली आणि अल्सेशियन पाळणाऱ्या घरांत प्रतिष्ठेची खूण बनली. बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी आणि आत चकाकती साखळी हे चित्र अजून ओळखीचे आहे. मात्र साखळीबरोबर तिची विद्या आली नाही. ही साखळी दोन कड्यांची असते आणि एका विशिष्ट बाजूनेच घालावी लागते. कुत्रा डावीकडे चालत असेल तर हातातल्या दोरीला जोडलेली कडी मानेच्या वरून उजवीकडे आली पाहिजे, तरच हिसका दिल्यावर साखळी लगेच आपल्या वजनाने सैल होते. उलट घातली तर आवळलेली साखळी आवळलेलीच राहते, आणि बहुतेक घरांत ती दिवसभर तशीच गळ्यात असते. ती खुंट्याला किंवा जिन्याच्या कठड्याला बांधणे म्हणजे कुत्र्याला फाशीच्या दोरीजवळ ठेवणे आहे. वापरायचीच असेल तर माणसाच्या देखत, शिकवणीपुरती वापरावी आणि लगेच काढावी, एवढेच तिच्या जाणकार समर्थकांनीही सांगितले आहे.

टोकांचा पट्टा, ज्याला दुकानदार ‘प्राँग कॉलर’ म्हणतात, त्यात तारेचे आकडे मानेच्या बाजूला वळलेले असतात आणि ताण येताच ते कातडीला चिमटा घेतात; वॅरोच्या पट्ट्याची ही नेमकी उलटी बाजू. झटक्याच्या पट्ट्यात दोन धातूची टोके कातडीला टेकलेली असतात आणि हातातील बटणाने किंवा भुंकण्याच्या कंपाने त्यांतून वीज वाहते. त्याचा मुख्य दोष असा की कुत्रा वेदनेचा संबंध स्वतःच्या चुकीशी जोडीलच असे नाही; त्या क्षणी समोरून सायकलवरचा मुलगा जात असेल तर तो वेदना त्या मुलाशी जोडतो, आणि भुंकणारा कुत्रा चावणारा होतो. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पट्ट्यांनी शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली आणि बक्षिसाने शिकवण्यापेक्षा अधिक काही साधल्याचे दिसले नाही. वेल्समध्ये 2010 पासून हे पट्टे बेकायदा आहेत. साध्या पट्ट्यालाही सरसकट निर्दोष ठरवता येत नाही: कुत्रा पट्ट्याविरुद्ध जोर लावतो तेव्हा त्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीभोवतीच्या हार्नेसविरुद्ध लावला तर तसा वाढत नाही, हे 2006 साली अमेरिकेत मोजले गेले. चपट्या नाकाच्या पगसारख्या, किंवा श्वासनलिका नाजूक असलेल्या पामेरियनसारख्या कुत्र्यांना म्हणून हार्नेसच योग्य.

भारतीय कायद्याने पट्ट्यापेक्षा साखळीकडे अधिक लक्ष दिले आहे. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने फार काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हादेखील वेगळा गुन्हा आहे. यांपैकी कोणताही गुन्हा पहिल्यांदा केल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, म्हणजे आज बाजारातील बऱ्या पट्ट्याच्या किमतीहूनही कमी.

स्थानिक निवडीचा प्रश्न यानंतर कारागिराकडे येतो. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या क्षेत्रात कोल्हापूर, सोलापूर यांच्याबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले तेच चामडे, बेंदराला बैलांच्या गळ्यात घुंगरांचे पट्टे बांधणारे तेच गिऱ्हाईक, अशी या धंद्याची जुनी घडण आहे. वनस्पतींनी कमावलेले चामडे कुत्र्याच्या मानेवर काही दिवसांत मऊ होऊन बसते; पावसाळ्यात मात्र ते भिजून कडक होते, त्यावर बुरशी येते आणि खाली गोचीड साठते, म्हणून या हंगामात पट्टा रोज काढून मान कोरडी करावी लागते. नायलॉनचा पट्टा पाण्याला टिकतो, पण त्याच्या कडा काचतात. लोखंडी साखळी सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात चटका देते.

कृष्णेच्या पुराने या निवडीत आणखी एक अट घातली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 57 फुटांवर गेली, आणि 2005 व 2021 मध्येही नदी वस्तीत शिरली. घर सोडताना गोठ्यातले दावे सोडायचे, ही जुन्या लोकांची रीत होती. अंगणातल्या कुत्र्याची साखळी मात्र कुलूपबंद आकड्याची असते आणि चिखलात गंजलेला आकडा ऐन वेळी उघडत नाही. ओल्या हातानेही उघडेल असे बकल, आणि पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर कोरलेली पत्री, या दोन गोष्टी नदीकाठच्या घरात शिकवणीच्या कोणत्याही साधनापेक्षा आधी याव्या लागतात.

या भागात पट्ट्याने होणारी सर्वाधिक परिचित इजा मात्र दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही पट्ट्याची नसते. गल्लीतल्या पिल्लाच्या गळ्यात मुले हौसेने सुतळी, रिबन किंवा लाल दोरा बांधतात, पिल्लू वाढते, दोरा वाढत नाही, आणि काही महिन्यांनी तो कातडीत रुतून जखमेत अळ्या पडतात. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, हे माप सर्वांना ऐकून माहीत असते. वाढत्या पिल्लासाठी ते दर आठवड्याला पुन्हा घ्यावे लागते, आणि बोटे सरकली तरी केसांखालची कातडी हाताने चाचपून पाहावी लागते, कारण दाट केसांत रुतलेला दोरा डोळ्यांना दिसत नाही.